मामांचा अर्धा तास

आमच्या नात्यागोत्यात वेळ दोन प्रकारे मोजतात. एक घड्याळाप्रमाणे आणि दुसरी मामांप्रमाणे. मामा आतल्या खोलीतून "अर्ध्या तासात होतंय गं" असं ओरडले की मामी वरणाखालचा गॅस बंद करते, कुकरला हात लावत नाही आणि मालिका लावून बसते. मामांचा अर्धा तास पावणेतीन तासांच्या खाली कधी आलेला नाही. एक अर्धा तास तर गणपतीच्या पहिल्या आरतीआधी सुरू झाला होता, तो गौरी जेवून गेल्या तरी चालूच होता.

या अर्ध्या तासात मामा काय करतात? मेल सर्व्हर दुरुस्त करतात. स्वतःचा. बहुतेक वेळा स्वतःच बिघडवलेला.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सांगलीला टेलिफोन खात्यात ३२ वर्षं काढून निवृत्त झाले. त्यांच्या बरोबरीच्या कुणी निवृत्तीनंतर हास्यक्लब धरला, कुणी शेअर बाजार, कुणी नुसतेच गुडघे. मामांनी लिनक्स धरलं. खरं तर नोकरीत असतानाच पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर यायच्या त्या सीडीवरून ते त्यांना लागलं होतं, तंबाखू लागते तसं. निवृत्तीनंतर अडवायला ऑफिस राहिलं नाही, इतकंच. मग एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आपलं टपाल आपल्या घरी आलं पाहिजे. परक्याच्या पेटीत कशाला?" फुकटात मेलपेटी देणाऱ्या मोठ्या कंपन्या आपली पत्रं चाळतात, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या पत्रांत चाळण्यासारखं काय असतं, असं मामीने विचारलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तेव्हापासून मामांच्या आडनावाचं एक डोमेन आहे आणि त्यावर एकूण सहा पेट्या आहेत. एक मामांची, एक मामीची, एक माझी, एक बंगळूरच्या मामेभावाची (तो ती उघडत नाही), एक त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची (त्यांना ती आहे हे माहीत नाही) आणि सहावी 'पोस्टमास्टर'. प्रत्येक डोमेनवर पोस्टमास्टर नावाचा पत्ता असलाच पाहिजे, असा मेलच्या जगातला जुना नियम आहे. हा नियम वाचला त्या दिवशी मामा फार खूश होते. टेलिफोन खात्यात हयात घालवून शेवटी पोस्टात बढती मिळाली, असं ते भेटेल त्याला सांगत होते.

सकाळी चहाबरोबर लोक पेपर वाचतात, मामा लॉग वाचतात. रात्रभर सर्व्हरवर काय काय घडलं त्याची ओळ न ओळ त्यात असते. जगभरातले यांत्रिक चोर रात्रंदिवस कड्या वाजवून बघत असतात, त्यांची नोंद मामा मोठ्याने वाचून दाखवतात. "काल रात्री चारशे बारा वेळा कुणीतरी 'अ‍ॅडमिन' नावाने आत यायला बघत होतं. एकालाही घेतलं नाही." मामी भाजी निवडता निवडता म्हणते, "चारशे बारा जण येऊन गेले आणि आपली कामवाली तेवढी आली नाही."

"लॉग बघ" हे मामांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे. माझी नोकरी गेली तेव्हाही सगळं ऐकून घेतल्यावर ते पहिलं वाक्य हेच बोलले होते. म्हणजे झालं काय ते आधी नीट, तारीखवार लिहून काढ. मी चिडून का होईना, लिहून काढलं, आणि चौथ्या ओळीपाशी माझं मलाच समजलं. पण ते असो.

त्यांच्या बोलण्यात आकडे फार. मेल पोचवताना दोन सर्व्हर एकमेकांशी आकड्यांत बोलतात. दोनशेपन्नास म्हणजे ठीक, घेतलं. चारशेपन्नास म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या. पाचशेपन्नास म्हणजे चालते व्हा. मामांनी हे घरात आणलं. आमटी कशी झालीय म्हटलं की "दोनशेपन्नास". मामीच्या भावाकडे वास्तुशांतीला जायचंय म्हटलं की "चारशेपन्नास". विमा एजंट दारात आला की आतूनच "पाचशेपन्नास!" हळूहळू मामीही शिकली. आता तिच्याकडून पाचशेपन्नास आलं की मामा निमूट उठतात.

एकदा मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे होतो आणि सर्व्हर नव्याने बसवायचा मुहूर्त होता. मुहूर्त हा शब्द माझा नाही. टेबलावर एक जाडजूड लाँगबुक, वर 'श्री', खाली तारीख. त्यात सगळ्या आज्ञा शाईच्या पेनने उतरवलेल्या आणि समासात मराठी शेरे: 'इथे घाई केली, भोगलं', 'हे कुणालाही माहीत नसतं', 'का चालतं कळत नाही, पण हात लावू नये'. पोस्टफिक्स बसवायला घेतलं की एक निळा पडदा येतो आणि विचारतो की तुमचा सर्व्हर कुठल्या प्रकारचा. चार-पाच पर्याय. मामा त्या पडद्याकडे हात जोडल्यासारखे बघत बसले. मला वाटलं विचार करतायत. तसं नव्हतं. पोस्टफिक्स लिहिणाऱ्या व्हीत्से वेनेमांबद्दल ते मला सांगत होते. १९९८ साली, आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना लिहिलं आणि जगाला फुकट दिलं. "आणि डव्हकॉट तिमो सिराईनेनचं, फिनलंडचा पोरगा," असं म्हणताना त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. गवई गुरूचं नाव घेताना लावतात तसा.

पोस्टफिक्स टपाल आणतो-नेतो, डव्हकॉट ते पेटीत ठेवून मालकाला दाखवतो. डव्हकॉट म्हणजे कबुतरखाना. दादरच्या कबुतरखान्यापेक्षा आपला स्वच्छ, असं मामा म्हणतात, आणि त्यावर हसणारा माणूस त्यांना अजून भेटायचा आहे.

पण या सगळ्यात मामांचा जीव अडकलेला असतो तो सर्टिफिकेटात. ते त्याला दाखला म्हणतात. समजावून सांगायची त्यांची पद्धत अशी: "समज, तू म्हणतोस मी अमुक. कशावरून? मीच लिहून मीच सही केलीय म्हणून. कोण मानेल?" हे स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट. डेबियन लिनक्समध्ये तात्पुरतं म्हणून असं एक तयारच मिळतं आणि त्याचं नाव आहे 'स्नेकऑइल', सापाचं तेल. जत्रेत बाटल्या विकणारा वैदू आठवा. मामांनी पहिले दोन महिने सापाच्या तेलावरच काढले. आमच्या सगळ्यांच्या फोनवर लाल इशारा यायचा की हा सर्व्हर भरवशाचा नाही, आणि मामा फोनवरून सांगायचे, "भरवशाचा आहे, मी ओळखतो त्याला. पुढे जा म्हण."

तेव्हा खरा दाखला सहसा विकत घ्यावा लागे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा सगळ्यांना खुली झाली आणि दाखले फुकट मिळू लागले, पण ९० दिवसांचे. मामांना यातल्या फुकटपेक्षा ९० दिवसांचा आनंद जास्त झाला असावा, असा माझा संशय आहे. दर तीन महिन्यांनी काहीतरी बिघडू शकेल अशी पक्की सोयच झाली.

पहिला दाखला मिळाल्यावर मामेभावाच्या संगणकावर सगळं व्यवस्थित आणि माझ्या फोनवर मात्र लाल. मामा तीन दिवस त्यात होते. शेवटी कळलं ते असं, की दाखल्याबरोबर, त्यावर सही करणाऱ्याचाही दाखला जोडावा लागतो. "तलाठ्याने सही केली. बरोबर. पण तो तलाठी खरा कशावरून? तहसीलदाराचं पत्र कुठाय? मी एकट्या तलाठ्यावर भागवत होतो." दोन फायली शेजारी शेजारीच असतात, एकीत नुसता दाखला, दुसरीत सगळी साखळी, आणि मामांनी पहिली लावली होती. ती सापडेपर्यंत त्यांनी जुना दाखला पुसून नवा मागवायचा सपाटा लावला. तोच दाखला आठवड्यात पाचदाच मिळतो. सहाव्यांदा नकार आला तेव्हा मामा म्हणाले, "रेशनच्या साखरेला नव्हती एवढी कडक मोजणी," आणि आठवडाभर घरात शांतपणे वावरले. त्या आठवड्यात मामीने माळा साफ करून घेतला.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. डव्हकॉटच्या फायलीत दाखल्याचा पत्ता लिहिताना आधी एक 'पेक्षा लहान'ची खूण द्यावी लागे, शाळेत गणितात असते ती. खूण असेल तर तो समजतो की दाखला त्या पत्त्यावर आहे, जाऊन वाचायचा. खूण नसेल तर त्याला वाटतं, हा पत्ताच दाखला आहे. मामांनी ती खूण दिली नव्हती. चार दिवस. मामीच्या शब्दांत सांगायचं तर एवढ्याशा चोचीसाठी माणूस चार दिवस जेवला नाही. नंतर त्यांनी लाँगबुकात एक अख्खं पान त्या खुणेला दिलं. पानभर ती एकच खूण, लाल शाईत, मुठीएवढी.

सुरुवातीला हा सगळा संसार घरच्या जुन्या संगणकावर होता, स्थानिक केबलवाल्याकडून घेतलेल्या कायमच्या आयपीवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. आमच्या मामांच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं, पण वीज गेली. शेजारपाजारचे धान्याची पोती वर चढवत होते. मामांनीही हात लावला, सगळ्यांची चढवून दिली, आणि मग एका चादरीत गुंडाळून आपला सीपीयू वरच्या मजल्यावर नेला. दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा माझ्या आईने घाबरत विचारलं, कसे आहात, खायला आहे का? मामा म्हणाले, "सगळं आहे. पाच दिवसांत लाइट आले पाहिजेत फक्त." आईला वाटलं, घरातला शिधा पाच दिवसांचा आहे. ती रडायलाच लागली. भानगड अशी होती, की समोरचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर सहसा पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, मग पत्र परत पाठवतो. मामा गच्चीवर उभं राहून पाणी बघत होते आणि मनात हा हिशेब चालला होता. आईने त्यांच्याशी नंतर महिनाभर अबोला धरला.

पुरानंतर सर्व्हर फ्रँकफर्टला हलला. म्हणजे भाड्याचा. "जर्मनीत आपली एक खोली आहे," असं मामा सोसायटीत सांगतात. ही खोली मिळाली खरी, पण आधीच्या भाडेकरूने तिथून जगभर नको ती पत्रं पाठवली होती. त्यामुळे तो पत्ता काळ्या यादीत. आपण नव्या घरात राहायला जावं आणि पहिल्याच दिवशी वाणी, दूधवाला, पेपरवाला आधीच्याची उधारी मागायला दारात, तसं झालं. मामांनी अर्ज केले, विनंत्या केल्या, यादीतून नाव काढून घेतलं. मग पत्त्याची उलटी नोंद केली. मग आमच्या डोमेनची पत्रं कुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतात त्याची यादी लावली. मग प्रत्येक पत्रावर लाखेची मोहोर बसवावी तशी डिजिटल सही बसवली. मग मोहोर जुळली नाही तर काय करायचं त्याची सूचना लावली. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशी या शेवटच्या तिघांची नावं, आणि मामा ती एका दमात, ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणावं तशी म्हणतात. एवढं करूनही मामेभावाच्या साखरपुड्याचं आमंत्रण निम्म्या नातेवाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं. मामांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला ठाम नकार दिला होता. शेवटी मामीने लँडलाइनवरून दोन दिवस बसून सगळ्यांना बोलावलं. लोक आले. हॉलच्या दाराशी मामा प्रत्येकाला विचारत होते, "स्पॅममध्ये होतं का? 'स्पॅम नाही' म्हणून दाबलंत का? आत्ता दाबा."

असा माणूस फक्त आमच्याच घरात आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग पुण्यात एका ऑफिसात एक भेटला, आणि नंतर मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत एक. दोघांनीही पहिल्या भेटीत आपला मेलपत्ता सांगताना किंचित थांबून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या थांबण्यावरून मी आता ओळखतो. 'अ‍ॅट'च्या पुढे स्वतःचं नाव असतं, आणि 'अरे, हे तुमचं स्वतःचं?' एवढं तुम्ही विचारायचं असतं. मी विचारतो. पोरगं नवी सायकल दाखवायला थांबतं तेव्हा आपण विचारतोच की.

मामांच्या फायलींची नावं हा तर वेगळाच विषय. मुख्य फाइल बदलायच्या आधी तिची प्रत ठेवायची, हा नियम. त्यामुळे एकाच फायलीच्या प्रती अशा: 'जुनी', 'जुनी दोन', 'चालू', 'चालू खरी', 'शेवटची', 'शेवटची नंतरची', 'दिवाळीआधी'. काही बिघडलं की "मी एकच ओळ बदलली होती" हे वाक्य येतं. ती ओळ कुठली, हे शोधायला अर्धा तास लागतो.

आणि चाचणीच्या मेल. प्रत्येक दुरुस्तीनंतर मामा मला मेल पाठवतात. विषय: 'चाचणी'. मग 'चाचणी २'. मग 'आता बघ'. माझ्या त्या पेटीत मामांच्या नऊशेच्या वर मेल आहेत आणि त्यात एकही पत्र नाही, सगळ्या चाचण्या. पण नुसतं 'चाचणी' लिहिलेली मेल स्पॅम ठरते असं त्यांनी कुठेतरी वाचलं, तेव्हापासून ते आत दोन ओळी खऱ्या लिहितात. 'चाचणी ४. अंगणातल्या आंब्याला यंदा मोहोर चांगला आहे.' 'चाचणी ११. तुझ्या मामीची साखर वाढली, तिला सांगू नको मी सांगितलं.' 'चाचणी २. तुझा दिवाळी अंकातला लेख वाचला. मधे जरा लांबला आहे.' 'चाचणी. ताईची आठवण आली आज.' ही शेवटची आई गेल्यानंतरच्या वर्षातली. त्या मेलला मी उत्तर काय द्यावं ते न सुचून 'पोचली' एवढंच लिहिलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर आलं, 'किती सेकंदांत?'

२०२५ च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं आणि त्याबरोबर डव्हकॉटची २.४ ही नवी आवृत्ती. तिच्यात दाखल्याच्या ओळीचं नावच बदललं आणि ती खूण, ती चोच, काढून टाकली. आता पत्ता नुसता लिहायचा. बदलांच्या सूचना आधीपासून लिहिलेल्या होत्या, मामांनी त्या वाचल्या नाहीत. श्रावणातल्या एका सोमवारी उपास सोडायच्या वेळेला त्यांनी नवी आवृत्ती चढवली, आणि डव्हकॉट उठेना. पहाटे कारण कळल्यावर मामा लाँगबुकातलं ते लाल पान उघडून कितीतरी वेळ बसले होते, असं मामी सांगते. मग त्यांनी समासात लिहिलं, 'रद्द. पण पान फाडू नये.'

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मामीचा फोन आला. मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं होतं. "ऑपरेशन छान झालं रे. पण माझ्या फोनवर ते लाल आलंय. दाखला संपला म्हणे. ह्यांना मी सांगितलं नव्हतं, पण ह्यांनी ऐकलं. आता उठून बसलेत. डॉक्टरांनी स्क्रीन बघायचा नाही म्हणून सांगितलंय, मी फोन हातात देत नाहीये. तू काय ते कर."

मामांच्या कपाटात एक बंद पाकीट आहे. वर लिहिलंय, 'माझ्यानंतर'. आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. घर मामीला, सर्व्हरची किल्ली मला. शिवाय दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्यांनी माझ्या लॅपटॉपवर तीच किल्ली बसवून ठेवली होती, "माझं काही झालं तर." मी हो हो म्हणून चकली खात होतो.

मामीने फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या उशाशी ठेवला.

"लिही. ओपनएसएसएल. सगळं जोडून. स्पेस. एस अंडरस्कोअर क्लायंट. स्पेस. डॅश कनेक्ट."

"डॅश एक की दोन, मामा?"

"एक. ओपनएसएसएलला एक पुरतो. सर्टबॉटला दोन लागतात. त्यांचं त्यांचं वळण असतं."

पडद्यावर अक्षरांचा ढीग पडला आणि मग सगळं थांबलं. "मामा, हे थांबलं."

"थांबलं नाही, ते तुझी वाट बघतंय. कंट्रोल सी मार. वर जा. रिटर्न कोड किती?"

"दहा."

"दहा म्हणजे मुदत संपली. शून्य यायला पाहिजे." शून्य मिळाल्यावर पेढे वाटावेत अशी मी पाहिलेली ही एकच परीक्षा.

दाखला आपोआप नवा व्हायची व्यवस्था सर्व्हरवर आहे, तिचंच नाव सर्टबॉट. सर्टबॉट दिवसातून दोनदा बघतो आणि महिनाभर आधीपासून नवा आणायला लागतो. म्हणजे महिनाभर तो रोज दोनदा जाऊन हात हलवत परत येत होता. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून आठवणीची मेल यायची, ती जून २०२५ पासून बंद झाली. मामांनी आम्हाला शहाणपणा शिकवला, "आधी ड्राय-रन कर. रंगीत तालीम. खऱ्यात पाचदा चुकलास तर तासभर बाहेर बसवतात." तालीम केली. उत्तर आलं, की तुमच्या दाराशी पोचता आलं नाही, बहुधा फायरवॉलची अडचण. मी वाचून दाखवलं.

पलीकडे शांतता.

"मामा?"

"ऐकतोय."

"ऐंशी नंबरचं दार बंद आहे म्हणतंय."

"ते मीच बंद केलंय," मामा बारीक आवाजात म्हणाले. "दीड महिना झाला. नको ती दारं बंद ठेवावीत असं वाचलं होतं."

"पण मग लॉगमध्ये महिनाभर येत असणार ना?"

"सर्टबॉटचा लॉग वेगळा असतो रे. मी मेलचा वाचतो." इतका वेळ गप्प असलेली मामी मागून हसली, आणि मामांनी तिला पाचशेपन्नास म्हटलं.

दार उघडलं. नवा दाखला आला, अभिनंदनही आलं. मी विजयी मुद्रेने मामीला फोन बघायला सांगितलं. "लालच आहे," मामी म्हणाली. मी पुन्हा तपासलं. दहा. पुन्हा. दहा. घड्याळात पावणेबारा झाले होते, मी बायकोला "अर्ध्या तासात येतो झोपायला" असं सांगितल्याला एक तास होऊन गेला होता.

"डव्हकॉटला कुणी सांगितलं का?" मामांनी विचारलं. आता आवाजात रंग भरला होता. "पोस्टफिक्सची माणसं सारखी बदलतात, नवा आला की नवा दाखला वाचतो. डव्हकॉटने जुनाच डोक्यात धरलाय. त्याला रीलोड म्हणावं लागतं." आपोआप रीलोड व्हावं म्हणून दोन ओळींची सोय करता येते, ती त्यांनी का केली नाही हे मला कालनिर्णय आठवल्यावर कळलं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गॅस, दूध आणि केबलच्या खुणांत ठरावीक अंतराने एक गोल केलेला 'स' असतो. त्या दिवशी मामा अंघोळ करून सर्व्हरपुढे बसतात आणि स्वतःच्या हाताने रीलोड करतात. या वेळचा 'स' ऑपरेशनच्या आठवड्यात पडला होता.

"मामा, ते आपोआप करून टाकू का?"

"बघू नंतर," ते म्हणाले. "चारशेपन्नास. २०२९ पर्यंत दाखले ४७ दिवसांवर येणार आहेत, तेव्हा विचार करू." म्हणजे वर्षातून किती 'स' होतील, ते त्यांनी मोजून ठेवलं असणार.

रीलोड केलं. शून्य आलं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो हे माझ्या नंतर लक्षात आलं. आमच्या सर्व्हरशी बोलणारे बाहेरचे बहुतेक सर्व्हर हा दाखला तपासतही नाहीत, तो खरं तर घरच्या सहा पेट्यांनाच दाखवायचा असतो, आणि त्यातल्या दोन कुणी उघडत नाही, हे मला त्या वेळी कुणी सांगायला नको होतं. सव्वाबाराला मी त्या पत्त्यावरून मामांना मेल लिहिली. विषय, चाचणी. मग नुसती चाचणी स्पॅममध्ये जाईल म्हणून आत लिहिलं, 'पुढच्या शनिवारी येतो. डोळ्यात थेंब वेळेवर घाला. पोचली का?'

दोन मिनिटांनी मामीच्या पत्त्यावरून उत्तर आलं.

'पोचली. ते म्हणतायत हेडर पाठव. मी म्हणते झोप.'